जॅक रसेल टेरियर पिल्लाचे प्रशिक्षण

जॅक रसेल टेरियर ही कोल्ह्याच्या शिकारीसाठी इंग्लंडमध्ये घडवली गेलेली लहान चणीची श्वानजात आहे. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याची खांद्यापर्यंतची उंची २५ ते ३० सेंटिमीटर आणि वजन साधारणतः ५ ते ६ किलोग्रॅम असते. आकार लहान म्हणून सांभाळायला सोपे, अशा समजुतीने ही पिल्ले पुष्कळदा घरी आणली जातात. काही आठवड्यांतच घरातल्यांच्या घोट्यांचे चावे, उकरलेल्या कुंड्या, कुरतडलेल्या चपला आणि न थांबणारे भुंकणे यांमुळे ही समजूत मोडते. मग पिल्लू दिवसभर बांधून ठेवले जाते, मार खाते किंवा दुसऱ्याला देऊन टाकले जाते. या वर्तनाला सामान्यतः खोडी म्हटले जात असले, तरी त्यातील बहुतेक भाग या जातीला पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेले काम आहे. ते काम नाहीसे करण्याऐवजी त्याला योग्य जागा देणे आणि इष्ट वर्तनाला बक्षीस देणे हे सौम्य प्रशिक्षणाचे सूत्र होय.

जातीचा पूर्वेतिहास

या जातीला रेव्हरंड जॉन रसेल (१७९५–१८८३) यांचे नाव मिळाले आहे. डेव्हन परगण्यातील डार्टमथ येथे जन्मलेले रसेल पुढे स्विमब्रिज या गावी धर्मगुरू होते आणि शिकारीचा त्यांना विलक्षण नाद होता. ऑक्सफर्ड येथे शिकत असताना १८१९ साली त्यांनी एका गवळ्याकडून ‘ट्रम्प’ नावाची पांढरी टेरियर मादी विकत घेतली. तिच्या डोळ्यांवर, कानांवर आणि शेपटीच्या मुळाशी तांबूस ठिपके होते. रसेल यांच्या टेरियर कुत्र्यांची परंपरा या मादीपासून सुरू झाली असे मानतात.

शिकारीत मोठ्या हाउंड कुत्र्यांचा थवा कोल्ह्याचा पाठलाग करी. कोल्हा बिळात शिरला की हाउंडचे काम संपे आणि टेरियरचे सुरू होई. त्याने बिळात उतरायचे, वाट अरुंद असेल तर माती उकरून पुढे सरकायचे, कोल्ह्यासमोर उभे राहून भुंकत राहायचे आणि त्याला बाहेर पडायला भाग पाडायचे; कोल्ह्याला ठार मारणे अपेक्षित नसे. भुंकण्याच्या आवाजावरून वर उभ्या असलेल्या माणसांना खणण्याची जागा समजे. बिळातून बाहेर येणारा प्राणी कोल्हा नसून कुत्रा आहे हे चटकन ओळखू यावे म्हणून अंगावर पांढरा रंग अधिक असलेले कुत्रे पसंत केले जात. बिळात मावेल इतकी छातीही अरुंद लागे. माणसाच्या दोन्ही पंजांच्या कवेत ती यावी, ही कसोटी आजही वापरली जाते.

जमिनीखाली मालक दिसत नाही आणि त्याची आज्ञा ऐकू येण्याचीही फारशी शक्यता नसते. पुढे जायचे की थांबायचे, हा निर्णय कुत्र्याला एकट्यानेच घ्यावा लागे. आज ज्याला या जातीचा हट्टीपणा म्हटले जाते तो गुण म्हणूनच जोपासलेला होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांच्या साहाय्याने कोल्ह्याची शिकार करण्यावर, काही अपवाद वगळता, २००४ च्या कायद्याने बंदी आली व ती २००५ पासून लागू झाली. काम गेले, त्यासाठी निवडलेला स्वभाव मात्र पिल्लांत तसाच उतरतो.

ग्रामोफोनच्या तबकड्यांवरील कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा मराठी नाट्यसंगीताच्या जुन्या श्रोत्यांना परिचित आहे. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या चित्रातील हा ‘निपर’ (१८८४–१८९५) मिश्र जातीचा टेरियर होता आणि त्याच्यात जॅक रसेलचा अंश असावा असे सांगितले जाते. चित्रात तो अतिशय शांत दिसतो. पण आल्यागेल्याच्या पोटऱ्यांना दात लावण्याच्या सवयीवरून त्याचे नाव निपर, म्हणजे चिमटे काढणारा, असे पडले होते. ‘फ्रेझर’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेत एडी या कुत्र्याची भूमिका करणारा ‘मूस’ हा जॅक रसेल तर अधिक बोलका दाखला आहे. चघळणे, खणणे आणि भुंकणे यांना कंटाळून पहिल्या घराने त्याला देऊन टाकले होते. प्रशिक्षकांच्या हाती पडल्यावर तोच कुत्रा अभिनेत्यासमोर स्थिर नजर लावून बसण्यासाठी प्रसिद्ध झाला.

शिक्षेची परंपरा आणि तिचा त्याग

विसाव्या शतकाच्या बहुतांश काळात श्वानप्रशिक्षणाचा पाया धाक हाच होता. कोनराड मोस्ट या जर्मन प्रशिक्षकाची १९१० सालची पुस्तिका पोलिसी व लष्करी कुत्र्यांसाठी होती. तिच्यातील गळपट्ट्याला हिसका देण्यासारख्या रीती हळूहळू घरगुती कुत्र्यांपर्यंत आल्या. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिवासातील लांडग्यांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून ‘कळपाचा प्रमुख’ ही कल्पना रूढ झाली आणि मालकाने कुत्र्यावर वर्चस्व सिद्ध केले पाहिजे असा अर्थ तिच्यातून काढला गेला. पिल्लाला उताणे पाडून दाबून धरावे, हा सल्ला याच विचारातून आला.

या विचाराचा आधार पुढे ढासळला. शेंकेल यांनी पाहिलेले लांडगे एकत्र कोंडलेले होते. मुक्त लांडग्यांचा दीर्घकाळ अभ्यास करणारे डेव्हिड मेक यांनी १९९९ साली दाखवून दिले की नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा आईवडील व त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते. तेथे प्रमुखपदासाठी झुंजी होत नाहीत. शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे, हा साधा मुद्दा उरतोच. पोर्तुगालमधील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या ९२ कुत्र्यांच्या अभ्यासात, शिक्षेवर आधारित वर्गांतील कुत्र्यांत ताणाची लक्षणे आणि प्रशिक्षणानंतर लाळेतील कॉर्टिसॉलची वाढ अधिक आढळली.

टेरियरच्या बाबतीत एक व्यावहारिक अडचणही आहे. समोरचा प्राणी दात दाखवत असताना मागे न हटणे, याच गुणासाठी ही जात निवडली गेली. अशा पिल्लावर हात उगारला की पुष्कळदा ते नमत नाही, उलट अधिक त्वेषाने हाताला चावते. काही पिल्ले गुरगुरणे सोडून देतात आणि मालकाला शिस्त लागल्यासारखे वाटते. वस्तुतः गुरगुरणे ही पूर्वसूचना असते. ती मारून बंद केली तर पुढे सूचनेशिवाय चावा मिळतो.

शिकण्याची यंत्रणा

ज्या कृतीचा परिणाम सुखद होतो ती कृती प्राणी पुन्हा करतो, हे तत्त्व एडवर्ड थॉर्नडाइक आणि त्यांच्यानंतर बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगांनी मांडले. त्यास साधक अभिसंधान म्हणतात. नेमकी कोणती कृती आवडली हे प्राण्याला क्षणात कळावे म्हणून ‘टक्’ असा आवाज करणारे खेळणे वापरावे, अशी सूचना स्किनर यांनी १९५१ च्या एका लेखात केली होती. डॉल्फिनच्या प्रशिक्षणात शिटीचा असाच उपयोग करणाऱ्या कॅरन प्रायर यांनी पुढे ही पद्धत श्वानपालकांत लोकप्रिय केली. क्लिकर नसला तरी चालते. एखादा छोटा, नेहमी एकाच सुरात उच्चारलेला शब्द पुरतो. शब्द आणि खाऊ यांत एक-दोन सेकंदांहून अधिक अंतर पडू नये, एवढे पथ्य आहे.

स्किनर यांचेच विद्यार्थी केलर ब्रेलंड आणि मॅरियन ब्रेलंड यांनी १९६१ साली या तत्त्वाची मर्यादाही नोंदवली. लाकडी नाणे डब्यात टाकायला शिकवलेले डुक्कर काही काळाने नाणे वाटेतच टाकून मुसंडीने उकरू लागे, मग त्यात खाऊ मिळायला उशीर झाला तरी चालेल. शिकवलेले वर्तन जातीच्या मूळ वर्तनाकडे सरकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. जॅक रसेलचे खणणे पूर्णपणे बंद पाडू पाहणाऱ्याने हे डुक्कर आठवावे.

सरावाची बैठक तीन ते पाच मिनिटांची असावी आणि दिवसातून अनेकदा व्हावी. खाऊचा तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा पुरतो. उकडलेली कोंबडी, गाजर किंवा रोजच्या आहारातीलच दाणे यासाठी वापरता येतात, व दिवसभराच्या जेवणातून तेवढा वाटा कमी करावा. मनुका, द्राक्षे, चॉकलेट, कांदा व लसूण कुत्र्यांना विषारी असल्याने देऊ नयेत.

घरातील सर्वांनी एका कृतीसाठी एकच शब्द वापरणे महत्त्वाचे असते. वडील ‘खाली’, मुलगी ‘डाऊन’ आणि आजी ‘उतर मेल्या’ म्हणत असतील तर पिल्लाने तीन भाषा शिकाव्यात अशी अपेक्षा केल्यासारखे होते. ‘ये’, ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’ असे चार लहान शब्द पहिल्या काही महिन्यांना पुरे आहेत.

पहिले सोळा आठवडे

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे पाच श्वानजातींवर वर्षानुवर्षे केलेले संशोधन १९६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या सामाजिक घडणीचा असतो, हे त्यातून पुढे आले. त्याच प्रयोगशाळेतील १९६१ च्या एका प्रयोगात, चौदा आठवडे माणसांच्या संपर्काविना वाढलेली पिल्ले नंतर माणसाला वन्य प्राण्यांप्रमाणे बुजू लागल्याचे दिसले होते.

या काळात पिल्लाने माणसे, वाहने, भांड्यांचा आवाज, मिक्सर, छत्री, काठी घेऊन चालणारे आजोबा असे शक्य तितके जग शांतपणे पाहावे. मात्र लसीकरण पूर्ण झालेले नसते, आणि पार्व्हो विषाणूचा संसर्ग पिल्लांना प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे त्याला कडेवर घेऊन किंवा पिशवीत बसवून फिरवणे, लस दिलेल्या निरोगी कुत्र्यांचीच गाठ घालून देणे, हा मधला मार्ग पशुवैद्य सुचवतात. भीती दिसली की पिल्लाला ओढत पुढे नेऊ नये. अंतर वाढवून खाऊ द्यावा.

पिल्लू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी आईपासून वेगळे करू नये. चाव्याचा जोर किती असावा हे ते भावंडांशी खेळतानाच शिकते; जोरात चावले की भावंड ओरडते आणि खेळ थांबतो. भारतात श्वानप्रजनन व विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लाची विक्री करता येत नाही. प्रत्यक्षात पाच-सहा आठवड्यांची पिल्ले सर्रास विकली जातात आणि त्यांचा पहिला धडा मालकाच्या हातावर गिरवला जातो.

चावणे

चावण्याची तक्रार सर्वांत मोठी आणि सर्वांत लवकर येणारी. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात व ते सुईसारखे अणकुचीदार असतात. सुमारे चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात व सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवत असल्याने चघळणे ही पिल्लाची गरज असते. ओले करून गोठवलेले फडके, रबरी खेळणी किंवा थंड गाजर दिल्यास खुर्च्यांचे पाय वाचतात. चपला उचलून ठेवणे हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे, आणि तो माणसांच्या प्रशिक्षणाचा आहे.

घोट्यांवर झडप घालण्याचे कारण निराळे असते. हलणारी, पळणारी, किंचाळणारी वस्तू टेरियरला भक्ष्यासारखी वाटते. मूल ओरडत पळाले की पिल्लाच्या दृष्टीने खेळ उत्तम रंगला. अशा वेळी जागीच स्थिर उभे राहावे, हात छातीशी घ्यावेत आणि नजर वळवावी. पिल्लाने दात सोडताच शांत स्वरात शाबासकी द्यावी व हाताऐवजी लांब दोरीचे खेळणे पुढे करावे. तरीही चावणे थांबले नाही तर मोठ्या माणसाने अर्धा मिनिट खोलीबाहेर निघून जावे. चावले की सोबत संपते, एवढेच त्याला कळायचे असते. परत आल्यावर राग धरू नये. पिल्लाला कोंडण्यापेक्षा माणसाने बाजूला होणे अधिक परिणामकारक असते, कारण पकडापकडीचाही पिल्लू खेळच करते. लहान मुले व पिल्लू यांना मोठ्यांच्या देखरेखीवाचून एकत्र सोडू नये.

संध्याकाळी अनेक पिल्ले अचानक घरभर सुसाट धावतात, सोफ्यावरून उड्या मारतात आणि दिसेल त्याला चावतात. जोर उरला आहे म्हणून आणखी पळवावे, असा पालकांचा कल असतो. पुष्कळदा कारण उलट असते. या वयात पिल्लाला दिवसातून अठरा तासांच्या आसपास झोप लागते आणि माणसांच्या वर्दळीत ती मिळत नाही. पेंगुळलेले मूल जसे किरकिर करते तसाच हा प्रकार असतो. जाळीच्या कुंपणात अंथरूण, चघळण्याची वस्तू आणि मंद उजेड दिला तर पिल्लू थोड्याच वेळात झोपी जाते. हे कुंपण शिक्षेसाठी कधीही वापरू नये.

खणणे, भुंकणे, पाठलाग

अंगण असेल तर वाळूचा एक चौकोन, सदनिकेत पसरट टब व त्यात जुन्या कपड्यांच्या चिंध्या, अशी खणण्याची हक्काची जागा द्यावी. तिच्यात खाऊ व खेळणी पुरून ठेवावीत. दुसरीकडे खणताना दिसल्यास न ओरडता उचलून तेथे आणावे. जेवणही ताटलीत आयते न देता गवतात किंवा घडी घातलेल्या टॉवेलात विखरून दिल्यास पिल्लू वास घेत शोधते. अशी दहा मिनिटांची शोधाशोध पिल्लाला पुष्कळदा लांबच्या फेरीइतकी दमवते. हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत उंचावरून उड्या आणि जिन्यांची सततची चढउतार मर्यादित ठेवावी. या जातीत गुडघ्याची वाटी सरकण्याचा दोष आढळतो.

दारावरच्या घंटेला भुंकणाऱ्या पिल्लावर ओरडले की घरातले सगळेच भुंकत आहेत असा त्याचा समज होणे स्वाभाविक आहे. घंटा वाजली की अंथरुणाकडे गेल्यास खाऊ मिळतो, हा क्रम पाहुणे नसताना घंटा वाजवून शिकवावा.

‘ये’ म्हणताच परत येणे हा टेरियरच्या प्रशिक्षणातील सर्वांत कठीण धडा आहे. समोर खार किंवा मांजर पळत असेल तर कोणताही खाऊ फिका पडतो. म्हणून घरात, मग गच्चीवर, मग पाच-दहा मीटर लांब दोरी बांधून मैदानात, असा क्रम ठेवावा. दोरी गळपट्ट्याला न बांधता हार्नेसला बांधावी. परत आलेल्या पिल्लाला कधीही रागावू नये, मग ते कितीही उशिरा आलेले असो. खेळ संपवून घरी नेण्यासाठीच हाक मारली जाते असे लक्षात आल्यास ते येणे बंद करते. दहांपैकी आठ वेळा हाक मारून, खाऊ देऊन पुन्हा मोकळे सोडावे. रहदारीच्या रस्त्यावर या जातीचे प्रौढ, शिकलेले कुत्रेही मोकळे सोडणे धोक्याचे असते.

शी-शूची सवय

झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर लगेच पिल्लाला ठरलेल्या जागी न्यावे व तेथे काम उरकताच बक्षीस द्यावे. दोन महिन्यांचे पिल्लू दिवसा दोन-तीन तासांहून अधिक वेळ कळ सोसू शकत नाही. घरात घाण झाल्यास त्यात नाक दाबण्याची जुनी रीत निरर्थक आहे. पिल्लू त्यातून केवळ माणसादेखत शू न करणे शिकते आणि पलंगाखाली जाऊन करते.

महाराष्ट्रातील शहरांत

थंड हवेतील ही जात मुंबई-पुण्याच्या सदनिकांतही पाळली जाते. उन्हाळ्यात फेरी सूर्योदयापूर्वी किंवा अंधार पडल्यावर काढावी. तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद डांबरावर टेकवता येत नसेल तर पिल्लाचे पंजे पोळतात. पावसाळ्यात बाहेर जाणे कमी होते तेव्हा शोधाशोधीचे खेळ वाढवावेत आणि प्रत्येक फेरीनंतर कान व बोटांच्या बेचक्यांत गोचिडी पाहाव्यात. ढोल-ताशा व फटाके यांची ओळख सणाच्या दिवशी करून देणे उशिराचे ठरते. काही आठवडे आधी ध्वनिमुद्रित आवाज अगदी हळू लावून, खाऊ देत, तो टप्प्याटप्प्याने वाढवावा. कुत्र्याला सतत बांधून वा कोंडून ठेवून पुरेसा व्यायाम न देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार अपराध आहे.

पौगंडावस्था

सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत, शिकवलेले सारे विसरल्यासारखे पिल्लू वागते. अनेक जॅक रसेल याच वयात घराबाहेर काढले जातात. या काळात नवे शिकवण्यापेक्षा जुने धडे सोप्या जागी पुन्हा घ्यावेत, लांब दोरी परत वापरात आणावी आणि खाऊचा दर्जा वाढवावा. चावण्यामागे खरा राग किंवा भीती दिसत असेल, अंग ताठरत असेल, अन्नाजवळ गेल्यास गुरगुर होत असेल, तर पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. वेदना हेही अशा वर्तनाचे कारण असू शकते.

श्रवणदोष

अंगावर पांढरा रंग अधिक असलेल्या अनेक श्वानजातींत जन्मजात बहिरेपणा आढळतो व जॅक रसेल त्यांपैकी एक आहे. एकाच कानाने ऐकू न येणाऱ्या पिल्लाला आवाजाची दिशा कळत नाही. हाक मारली की ते भलतीकडे पाहते आणि हट्टी ठरते. पिल्लू झोपेत असताना, त्याला हादरा किंवा वाऱ्याची झुळूक न जाणवेल अशा अंतरावरून किल्ल्या वाजवून पाहिल्यास प्राथमिक अंदाज येतो. पण एका कानाचा दोष अशा चाचणीत निसटतो आणि तो पशुवैद्यकीय श्रवणचाचणीतच कळतो. बहिऱ्या पिल्लालाही हीच पद्धत लागू पडते. शब्दाच्या जागी हाताची खूण आणि ‘टक्’ आवाजाच्या जागी उंचावलेला अंगठा वापरला जातो. अशा पिल्लाला झोपेतून उठवताना एकदम हात न लावता आधी अंथरुणावर हलकी थाप मारावी.